माशाची पाणबुडी

गेल्या शनिवारी माझ्या कादंबरीची पहिली 130 पानं मी उडवली. बॅकअपसकट. दीड वर्षाचे वीकेंड त्यात गेले होते. वाईट झाली होती म्हणून नव्हे हां. एका मित्राला ती फार म्हणजे फारच आवडली म्हणून!

सांगतो. विज्ञानकथा लिहायची, विषय 'माणूस आला कुठून' आणि कच्चा माल आपली पुराणं, असा बेत होता. सुरुवात मनू आणि माशापासून. माझा मासा म्हणजे परग्रहवासीयांची पाणबुडी, त्याचं शिंग म्हणजे अँटेना आणि मनू म्हणजे त्यांनी प्रयोगशाळेत घडवलेला माणूस. मित्राने टपरीवर शेवटचं पान वाचलं आणि पाठीत सणसणीत थाप मारली. "भावा, तू तर सिद्धच केलंस! आपल्याकडे सगळं होतंच रे!"

'सिद्ध केलंस'? च्यायला, मी तर गोष्ट लिहीत होतो.

घरी येऊन मूळ कथा पुन्हा वाचली. शतपथ ब्राह्मणात ती अशी आहे. मनूला सकाळी हात धुवायला पाणी आणून देतात. त्यात एक चिमुकला मासा हातात येतो. तो म्हणतो, मला सांभाळ, मी तुला वाचवीन. लहान माशांना मोठे मासे खातात, म्हणून आधी मला मडक्यात ठेव, मग खड्ड्यात, आणि पुरेसा मोठा झालो की समुद्रात सोड. मनू सांभाळतो. पुढे पूर येतो, नाव माशाच्या शिंगाला बांधली जाते, मनू वाचतो.

आता मला सांगा, पाणबुडीला कोणी आसरा देतं का? कथेचा जीव त्या ओंजळीत आहे. एका दुबळ्या जिवाने आसरा मागितला, एकाने दिला. मी अँटेना बसवली आणि ओंजळ फेकून दिली. याला मी डोकं लढवणं समजत होतो!

हा उद्योग माझा एकट्याचा नाही म्हणा. एरिक फॉन डॅनिकेनने 1968 मध्ये 'देव म्हणजे अंतराळवीर' हे दुकान जोरात चालवलं. 1976 मध्ये झेकारिया सिचिन 'द ट्वेल्फ्थ प्लॅनेट' घेऊन आला. त्याचं म्हणणं, निबिरू नावाच्या ग्रहावरचे लोक सोन्यासाठी पृथ्वीवर आले आणि खाणीत राबायला त्यांनी जनुकं जुळवून माणूस बनवला. पुरावा काय, तर मेसोपोटेमियातली जुनी काव्यं.

त्यातलं अत्रहासिस हे काव्य साडेतीन हजार वर्षांहून जुनं आहे. त्यात कनिष्ठ देव खोदकाम करून करून थकतात, अवजारं जाळतात आणि रात्री मोठ्या देवाच्या घराला घेराव घालतात. चक्क संप! तोडगा असा निघतो की एका देवाला मारून त्याचं रक्तमांस मातीत कालवायचं आणि माणूस घडवायचा, म्हणजे ढोरमेहनत तो करील. (जगातलं पहिलं आउटसोर्सिंग म्हणा हवं तर.) पण त्या काव्यात देव सोनं खणत नाहीत, नद्या आणि कालवे खणतात. कारण ते रचणारी माणसं कालव्यांवर जगत होती. 'हे राबणं आमच्याच नशिबी का?' हा त्यांचा प्रश्न होता, आणि सोमवारी सकाळी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये तो आपल्यालाही पडतो. सिचिनने तो प्रश्न पुसला आणि तिथे खाण काढली.

आपल्याकडचं उदाहरण हवं? वैमानिक शास्त्र. 'हजारो वर्षांपूर्वीचं विमानशास्त्र' म्हणून दर काही महिन्यांनी ते फॉरवर्ड होत असतं. 1974 मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या 5 जणांनी त्याचा नीट अभ्यास केला. निष्कर्ष: ग्रंथ 1904 च्या आधीचा नाही, आणि त्यातली विमानं उडू शकत नाहीत. विषय संपायला हवा होता. संपला का?

"अरे पण कादंबरीच तर आहे, एवढं काय मनावर घेतोस?" असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे, कादंबरीत परग्रहवासी आणायला माझी ना नाही. त्याच 1968 मध्ये आर्थर क्लार्कने '2001: अ स्पेस ओडिसी'त एका शिळेकडून आदिमानवाला शिकवून घेतलंच की. पण त्याने कादंबरी कादंबरी म्हणून विकली, डॅनिकेनने पुरावा म्हणून. आणि पुराणं वापरायची तर कशी, हे जयंत नारळीकरांनी 'वामन परत न आला'मध्ये दाखवून ठेवलंय. तिथे बळीकडे आलेला वामन रोबोट होता असं कोणी म्हणत नाही. उलट रोबोटला वामन म्हटलंय. लहान दिसणारं काहीतरी तुम्ही आत घेता आणि ते सगळंच व्यापून टाकतं, ही जुनी भीती नव्या यंत्राला लावलीय. बाण कुठल्या दिशेला आहे ते बघा. पुराणातून भविष्याकडे. आपण तो उलटा फिरवतो आणि पुराणाला यंत्राचं मॅन्युअल करून टाकतो.

बरं, यात विज्ञानाचंही मातेरं होतं. आपण 'डिझाईन' केलेले असतो, तर कोड असा नसता. एप वानरांत गुणसूत्रांच्या 24 जोड्या, आपल्यात 23, कारण त्यांच्यातल्या दोन आपल्यात जोडल्या गेल्या. आपल्या दुसऱ्या गुणसूत्राच्या मधोमध, एरवी टोकांना असणारे तुकडे अजून सापडतात. मर्ज करताना खुणा तशाच ठेवून चेक-इन केलंय! कुठल्याही रिव्ह्यूत हे पास होणार नाही.

आणि खरी गोष्ट किती भन्नाट आहे! सैबेरियातल्या डेनिसोवा गुहेत हाडाचा एक तुकडा मिळाला. 2018 मध्ये त्यातला डीएनए वाचला, तर तो एका मुलीचा निघाला. सुमारे 90,000 वर्षांपूर्वीची. आई निअँडरथल, बाप डेनिसोवन. दोन वेगळ्या मानवकुळांचं लेकरू! आणि हे सगळं कुठेतरी लांबचं नाही बरं. 2020 मध्ये झेबर्ग आणि पेबो यांनी दाखवलं की कोविड गंभीर होण्याचा धोका वाढवणारा एक जनुकीय तुकडा निअँडरथलांकडून आलाय आणि दक्षिण आशियातल्या जवळपास निम्म्या लोकांत तो आहे. म्हणजे आयसीयूच्या बाहेर बसून रात्री काढलेल्या आपल्यातल्या कित्येकांच्या घरात ती जुनी सोयरीक हजर होती. हे सोडून मी निबिरू कशाला शोधू?

आपले पूर्वज बावळट होते, त्यांना आकाशातून कोणीतरी शिकवायला यावं लागलं, हा या सगळ्या 'अभिमाना'चा खरा अर्थ आहे. मला तो अपमान वाटतो. ज्यांनी कालवे खणले आणि वर त्यावर काव्य रचलं, ज्यांनी ओंजळीतल्या माशाला बोलतं केलं, ती माणसंच होती. त्यांचं श्रेय मी एलियनला का देऊ?

असो. नवी फाईल उघडलीय. त्यात ती गुहेतली मुलगी आहे. ज्या टोळीकडे ती आसरा मागायला येते, ती तिच्या आईचीही नाही आणि बापाचीही. टोळीत वाद होतो, ठेवायची की हाकलायची? एवढंच. पाणबुडी नाही.

सध्या 4 पानं झालीत. मित्राला अजून दाखवलेली नाहीत.