जुना पलंग स्वस्त, खोलीपर्यंत नेणे महाग

बीड : बारावीचे निकाल लागले, की बीड जिल्ह्यातून पुण्याकडे निघणाऱ्या एसटी गाड्यांत गाद्यांच्या वळकट्या आणि पत्र्याच्या पेट्या दिसू लागतात. खोली मिळते, अनामत भरली जाते आणि मग पलंग, टेबल, कपाट यांचा प्रश्न उभा राहतो. कोरडवाहू शेतीवर चालणाऱ्या कुटुंबाला नवे फर्निचर परवडत नाही. साहजिकच पावले मंगळवार पेठेतील जुन्या बाजाराकडे, नाही तर मोबाईलवरील जाहिरातींकडे वळतात.

वस्तू तेथे स्वस्त मिळते, यात शंका नाही. परंतु खरा हिशेब त्यानंतर सुरू होतो. समजा, दोन हजार रुपयांना पलंग ठरला. टेम्पोचे भाडे, चढविणे-उतरविणे, तिसऱ्या मजल्यापर्यंतची हमाली आणि तो खोलून पुन्हा जोडणाऱ्या सुताराची मजुरी, असे मिळून आणखी तेवढेच पैसे गेले, तर स्वस्ताई उरली कोठे? 'गाडी आमची' असे विक्रेता सांगतो. ती इमारतीच्या दारापर्यंत की खोलीपर्यंत, हे मात्र क्वचितच ठरलेले असते. घासाघीस पलंगावर होते. खरे तर ती जिन्यावर व्हायला हवी.

२००५ मध्ये बाजारात आलेल्या 'छोटा हत्ती'ने हे काम पुष्कळ सोपे केले. पाऊण टनाची ही गाडी पेठांतील गल्लीबोळांत शिरते आणि तिच्या सुमारे सात फुटी हौद्यात एका खोलीचा संसार मावतो. अडचण येते ती इमारतीत. सहा माणसांच्या लिफ्टची आतील जागा साधारणतः ११०० बाय १००० मिलिमीटर असते. चार फूट रुंदीचा पेटी-पलंग तीत मावतच नाही. जुन्या वाड्यांचे अरुंद लाकडी जिने तर त्याहून कठीण. विकत घेण्यापूर्वी पलंग मोजणारे पुष्कळ. आपला जिना मोजणारे थोडे.

लाकडाची पारख हा आणखी एक मुद्दा. सागवानी वस्तू चार वेळा खोलून जोडली, तरी टिकते. भुशाच्या फळीचे कपाट एकदा खोलले, की स्क्रूची भोके सैल होतात आणि दुसऱ्या खोलीत ते डुगडुगू लागते. लोखंडी कपाट म्हणूनच जुन्या बाजारातही भाव राखून असते. त्याची किल्ली आणि कुलूप मात्र तपासून घ्यावे. पलंगाच्या सांध्यांत ढेकूण आहेत का, हे पाहण्यात संकोच कसला?

पावतीकडेही दुर्लक्ष होते. वापरलेल्या घरगुती सामानाच्या वाहतुकीला ई-वे बिल लागत नाही. परंतु चोरीची वस्तू जाणूनबुजून, अथवा तसे मानण्यास कारण असतानाही घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार गुन्हा ठरतो. साध्या कागदावर विक्रेत्याचे नाव, सही आणि तारीख घेण्यास दोन मिनिटे लागतात.

शिक्षण संपले, की हीच कसरत उलट दिशेने करावी लागते. शेतमाल घेऊन पुण्याच्या मार्केट यार्डात आलेली बीडकडची गाडी रिकामी परतत असेल, तर चालक परतीच्या भाड्यात कपाट-टेबल घेतो. सीताफळाच्या हंगामात अशी गाडी शोधणे त्यातल्या त्यात सोपे. १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीड-अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली. बीडकरांची अनेक दशकांची प्रतीक्षा त्या दिवशी संपली. परळीपर्यंतच्या २६१ किलोमीटर मार्गाचे हे काम १९९५ मध्ये मंजूर झाले होते. माणसांची सोय झाली. पलंगाला मात्र टेम्पोच गाठावा लागतो. म्हणून कित्येक जण तो आणतच नाहीत. गावाकडून येणाऱ्या पुढच्या मुलाला खोलीसकट पलंगही देऊन टाकतात. ना टेम्पो, ना हमाली.