मसूर ते गोरेगाव : ही वाट मुलांना दाखवा



प्रतिवर्षी ज्ञानेश्वरांची पालखी लोणंद, तरडगाव मागे टाकून फलटणास मुक्काम करते आणि पुढे बरडमार्गे पंढरपूरकडे जाते. या वाटेने आपल्या वाडवडिलांनीही पायपीट केली आहे. परंतु पंढरीस पोहोचल्यावर त्यांची वाट चोखोबाच्या समाधीपाशीच संपत असे. त्यापुढची पायरी चढण्याचा अधिकार अस्पृश्यांना १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर मिळाला. आज तुम्ही त्रिशरण-पंचशील ग्रहण केले आहे, बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या आहेत. तरीही टाळ-मृदंगाचा आवाज कानी पडला की घरातील वडीलधाऱ्यांचे मन हलते आणि मुले विचारतात, ‘मग आपली वाट कोणती?’

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याच सातारा जिल्ह्यात आहे. ते कोणत्याही देवळाकडे नेत नाही, म्हणूनच ते तुमच्यापुढे ठेवीत आहे.

१९०१ सालच्या उन्हाळ्याची गोष्ट. सुभेदार रामजी सकपाळ खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे खजिनदाराचे काम पाहात होते. दुष्काळाने गांजलेल्या लोकांना काम मिळावे म्हणून सरकारने तेथे तलाव खोदण्यास प्रारंभ केला होता. सुट्टीत मुलांनी आपल्याकडे यावे, असे त्यांनी साताऱ्यास कळविले. नवे कपडे लेऊन बाल भीमराव, त्यांचे थोरले बंधू व भाचरे आगगाडीने मसूरला उतरली. घ्यायला कोणीच आले नव्हते, कारण मुलांच्या आगमनाचे पत्र नोकराने पित्याच्या हाती दिलेच नव्हते. स्टेशनमास्तराने ‘तुम्ही कोण?’ म्हणून विचारले. दहा वर्षांच्या भीमरावांनी सरळ उत्तर दिले, ‘महार.’ त्या एका शब्दासरशी मास्तराचा चेहरा पालटला. गाडीवान भाडे नाकारू लागले. अखेरीस दुप्पट भाड्यावर एकजण तयार झाला. पण अट अशी की, मुलांनीच बैल हाकावे आणि गाडीवानाने बाजूने पायी चालावे. गाडी त्याची, बैल त्याचे. परंतु विटाळाच्या भयाने तोच रस्ता तुडवीत निघाला!

शिदोरी होती, पण पाणी नव्हते. वाटेत दिसले ते शेणामुताने गढूळ झालेले. मध्यरात्री टेकडीच्या पायथ्याशी जकातनाका लागला. जात सांगितली तर येथे पाणी मिळणार नाही, मुसलमान आहोत असे सांगा, असा सल्ला गाडीवानाने दिला. भीमरावांनी उर्दूत पाणी मागितले. तरीही ते मिळाले नाही. अन्न समोर असता मुले उपाशी झोपली आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास गोरेगावास पोहोचली. ही हकीकत बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवली. त्यांच्या पश्चात १९९० साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

या हकीकतीत आपल्यासाठी मोठा बोध आहे. मसूरला खरे सांगितले, तेव्हा गाडी नाकारली गेली. नाक्यावर खरे लपविले, तेव्हाही घसा कोरडाच राहिला. लपविण्याने सुटका होत नाही, हे त्या बालकाला एका रात्रीत कळले. तहानेने व्याकूळ झालेल्या मुलाच्या तोंडून असत्य वदवून घेणाऱ्या समाजाचाच तो दोष होता. त्या तहानेचे उत्तर सव्वीस वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्यावर दिले गेले. तेथे बाबासाहेबांनी नाव लपवून पाणी मागितले नाही. हजारोंच्या साक्षीने ते हक्काने ओंजळीत घेतले.

आणि आज? आपल्यापैकी कित्येकजण दीक्षा घेतात, पण भाड्याचे घर पाहताना, नोकरीच्या ठिकाणी, मुलाच्या शाळेत ‘तुम्ही कोण?’ असा प्रश्न आला की आवाज खाली जातो. दीक्षेने मुलाची शिष्यवृत्ती जाईल, अशीही भीती घातली जाते. ती निराधार आहे. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतील बौद्धांचे हक्क केंद्रातही मान्य झाले आहेत. ज्याने ‘बौद्ध’ हे नाव नाक्यावर सांगण्याच्या खोट्या ओळखीप्रमाणे वापरले, त्याला धम्म कळला नाही. हे नाव उजळ माथ्याने उच्चारण्यासाठी आहे. चौथे शील पाळावयाचे ते अशाच प्रसंगी.

म्हणून माझी सूचना अशी. चार-पाच कुटुंबांनी मिळून एक जीप ठरवावी. फलटणहून साताऱ्यास जावे. भीमराव ७ नोव्हेंबर १९०० रोजी ज्या शाळेत दाखल झाले, ते आजचे प्रतापसिंह हायस्कूल मुलांना दाखवावे; माता भीमाईंच्या समाधीपुढे क्षणभर उभे राहावे. तेथून मसूर स्टेशनवर जाऊन ही हकीकत मुलांकडूनच मोठ्याने वाचून घ्यावी. मग शामगाव घाटाने, पुसेसावळीवरून गोरेगावाकडे जावे. मुलांच्या रात्रभराच्या हालांची ही वाट मोटारीने काही तासांत सरते. म्हणूनच एखादा मैल खाली उतरून उन्हात पायी चाला; अंतर काय असते, हे पायांना कळू द्या. परतताना वडूज, दहिवडीवरून फलटण गाठता येते.

काहीजण म्हणतील, ‘एक वारी सोडली आणि दुसरी धरली!’ आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. म्हणून तेथे नारळ फोडू नका, नवस बोलू नका, वाटेची माती कपाळी लावू नका. वाटेवरच्या गावात मुलाला पाणी मागू द्या. कोणी ‘कोण तुम्ही?’ म्हणून विचारले, तर ‘बौद्ध’ म्हणून स्पष्ट उत्तर देऊ द्या. बहुधा पाणी मिळेल, आणि देणाऱ्याचे मनापासून आभार माना. न मिळाले, तर संविधानाचे सतरावे कलम आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा कशासाठी आहे, हे मुलास तेथेच समजावून सांगा.

मसूरच्या फलाटावर एका मुलाने खरे उत्तर दिले आणि त्याची किंमत मोजली. तुमच्या मुलाला तेच खरेपण निर्भयपणे सांगता यावे, एवढ्यासाठी ही वाट त्याला एकदा दाखवा.

जय भीम!