मंत्र, वाटी आणि रक्ताची तपासणी

काशाच्या वाट्या, घंटा आणि थाळ्या वाजवून, त्यांच्या लांबत जाणाऱ्या नादात माणसाला स्वस्थ निजवून ठेवण्याची जी पद्धत शहरांत ‘साउंड हीलिंग’ म्हणजे नादोपचार या नावाने रुजली आहे, ती प्राचीन तिबेटी विद्या म्हणून सांगितली जात असली, तरी तिचा आजचा प्रसार १९७०च्या दशकानंतर पाश्चात्त्य देशांतून झालेला आहे. आवाजाने दुखणे हलके करण्याची रीत मात्र चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात फार जुनी असून, आजाऱ्याच्या उशाशी बसून मंत्र म्हणणारा गावचा पुजारी हा तिथे आजही अनेक घरांचा पहिला आधार आहे.

हा आधार खोटा नव्हे. संथ, एकसुरी आवाजाने लक्ष एका ठिकाणी स्थिरावते, श्वास मंदावतो आणि भीती ओसरते. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ६२ जणांच्या अभ्यासात वाट्यांच्या नादानंतर ताण, राग व थकवा कमी झाल्याचे आढळले. परंतु नुसत्याच शांत पडून राहिलेल्यांचा तुलनागट त्यात नसल्यामुळे गुण नादाचा की विश्रांतीचा, हे त्यावरून ठरत नाही.

प्रश्न उभा राहतो तो तापाच्या रात्री. गडचिरोलीत दीर्घकाळ ठाण मांडून बसलेल्या हिवतापाचा फाल्सिपेरम हा जंतू रक्तातील तांबड्या पेशींत वाढतो, आणि अशा पेशी मेंदूतील बारीक रक्तवाहिन्यांना चिकटून बसल्या म्हणजे रोगी बरळू लागतो, त्याला झटके येतात, पुढे शुद्ध हरपते. घरच्यांना ते कुणीतरी अंगात शिरल्यासारखे वाटावे, यात नवल नाही. मंत्राने त्या घराला धीर येईल, पण जंतू मरणार नाही, आणि त्याच काही तासांत आर्टेसुनेटचे इंजेक्शन मिळाले तर जीव वाचू शकतो.

२०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने ही सीमा नेमकी ओळखली आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून त्याच्यावर मंत्रतंत्र करणे हा त्यानुसार गुन्हा आहे. म्हणजे आक्षेप मंत्राने मिळणाऱ्या दिलाशाला नसून उपचार अडवण्याला आहे. हेच माप शहरातील वाटीलाही लावले पाहिजे. नादाने मधुमेह किंवा कर्करोग बरा होतो असे सांगून रुग्णाची औषधे सोडवणारा सुशिक्षित उपचारक आणि सर्पदंशाच्या रुग्णाला घरी थांबवणारा मांत्रिक यांच्यात, रुग्णाच्या बाजूने पाहिले असता, कोणताही फरक उरत नाही.

दिलासा आणि औषध एका छताखाली नांदू शकतात, याचा दाखला गडचिरोलीतच आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने शोधग्राम येथील दवाखाना उभारताना आदिवासींना मोठ्या इमारतींचे आणि परक्या वातावरणाचे वाटणारे भय ध्यानात घेतले, दवाखान्याला त्यांच्या गावाचे रूप दिले, नातेवाइकांना रोग्याजवळ राहण्याची सोय ठेवली आणि दवाखान्याला माँ दंतेश्वरी या त्यांच्या देवीचे नाव दिले. तेथे देवीने औषधाची जागा घेतली नाही, तर औषधापर्यंत येण्याची वाट सोपी केली.

म्हणून पुजाऱ्याला आणि नादोपचारकाला विनंती एकच: तापाने फणफणलेला माणूस समोर आला तर आधी त्याचे रक्त तपासू द्यावे, गोळी किंवा इंजेक्शन सुरू होऊ द्यावे, आणि मग त्याच खाटेपाशी बसून मंत्र म्हणावा किंवा वाटी वाजवावी.