कुणी विचारलंच नाही

‘दादीची एक आठवण लिहून आणा’, असा गृहपाठ दिला होता. मानपाड्यातली माझी एक विद्यार्थिनी म्हणाली, “टीचर, आमच्या घरात सांगण्यासारखं काही घडलंच नाही.”

“दादीला विचारलंस?”

ती गप्प.

दुसऱ्या दिवशी दोन पानं भरून आली. दादीने लग्नातल्या बांगड्या विकून मुलाची फी भरली होती. घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. दादी म्हणाली, “कुणी विचारलंच नाही.”

बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. काम करताना त्यांच्या तोंडून आलेली गाणी घरच्यांनी उतरवून घेतली, त्यांत मुलगा सोपानदेवही होते. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या. १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने पुस्तक निघालं. घरात ऐकणारं कुणी नसतं, तर ती गाणी त्यांच्याबरोबरच गेली असती.

माझी अम्मी सांगायची, तेव्हा मी वह्या तपासत “हं, हं” करायचे. आज अम्मी नाही. किस्से अर्धेच आठवतात.

बहिणींनो, आज मगरिबनंतर मोबाइल बाजूला ठेवा. घरातल्या बुजुर्गांना एवढंच विचारा, “तुमचा पहिला रोजा कसा गेला?” मग मध्ये बोलू नका. मुलांच्या हाती वही द्या.