भयकथेचे वाङ्मयीन मूल्य : रॅम्सी कॅम्पबेल यांच्या निमित्ताने

विपुल लेखन सकस नसते आणि भयकथा ही केवळ करमणूक असते, हे दोन समज विद्यापीठीय समीक्षेत दृढमूल झालेले आहेत. लिव्हरपूल येथे १९४६ साली जन्मलेले इंग्रज कादंबरीकार रॅम्सी कॅम्पबेल यांची वाटचाल या दोन्ही समजांची फेरतपासणी करावयास लावते.

त्यांचा पहिला कथासंग्रह १९६४ मध्ये अर्कॅम हाउस या अमेरिकन संस्थेने प्रसिद्ध केला, तेव्हा ते अवघे अठरा वर्षांचे होते. त्यांचे आरंभीचे लेखन एच. पी. लव्हक्राफ्ट यांच्या अनुकरणातून झाले; स्थळेही लव्हक्राफ्ट यांचीच, मॅसॅच्युसेट्समधली. ती सोडून इंग्लंडची भूमी कथेत आणावी, असा सल्ला संपादक ऑगस्ट डर्लेथ यांनी दिला. हा सल्ला निर्णायक ठरला. 'डीमन्स बाय डेलाइट' (१९७३) या संग्रहात त्यांना स्वतःची शैली गवसली.

या शैलीत भय भुताच्या आगमनात नसते, पाहण्याच्या क्रियेतच असते. कचऱ्याचा ढीग क्षणभर माणसासारखा भासतो, पाटीवरची अक्षरे चुकीची वाचली जातात. आणि तो भास होता की वस्तुस्थिती, याचा निवाडा निवेदक करीत नाही. 'द फेस दॅट मस्ट डाय' (१९७९) या कादंबरीत तर अतिमानुष काहीच नाही. संशयाने पछाडलेल्या खुन्याच्या नजरेतून दिसणारे लिव्हरपूल, एवढेच तिचे भय. कॅम्पबेल यांच्या आईला मनोविकार होता आणि त्याच घरात राहणारे वडील वर्षानुवर्षे त्यांच्या दृष्टीस पडत नसत, हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. परंतु चरित्र हे केवळ बीज होय. त्याला कलारूप देते ती भाषा.

तिसांहून अधिक कादंबऱ्यांच्या या पसाऱ्यात संदिग्धतेचे हे तंत्र पुनरावृत्त होते आणि कथेत पेलणारा ताण कादंबरीत कधी विरळ होतो, हा आक्षेप रास्त आहे. मात्र तो संहिता वाचून घेतलेला आक्षेप आहे, वाङ्मयप्रकारावरून काढलेला निष्कर्ष नव्हे. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या भयकथांना मराठीत उदंड वाचक लाभला. त्यांच्या निवेदनतंत्राचा अभ्यास मात्र त्या प्रमाणात झाला नाही. 'लोकप्रिय' या एका शब्दाने मूल्यमापन संपविणे ही समीक्षेची शिस्त नव्हे, तो तिचा आळस होय.