चेहऱ्यामागचे मन

छायाचित्र रेखीव निघाले, चेहऱ्यावरील केसन् केस स्पष्ट दिसला, म्हणजे ते उत्तम साधले, असे पुष्कळांना वाटते. परंतु रेखीवपणा निराळा आणि जिवंतपणा निराळा. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या इंग्रज बाईंनी घेतलेली छायाचित्रे पाहिली, की हा भेद ध्यानात येतो.

कॅमेरॉनबाईंचा जन्म १८१५ मध्ये कलकत्त्यास झाला. पुढे त्या इंग्लंडच्या दक्षिणेकडील वाइट बेटावर राहू लागल्या. १८६३ च्या अखेरीस मुलीने व जावयाने त्यांना एक कॅमेरा भेट दिला. त्या वेळी त्या ४८ वर्षांच्या होत्या. त्यांनी कोळशाच्या कोठीत अंधारखोली केली आणि कोंबड्यांच्या खुराड्यात चित्रशाळा थाटली! काचेला रसायनाचा लेप द्यावयाचा आणि तो ओला आहे तोवरच छायाचित्र घेऊन काच धुऊन काढावयाची, अशी तेव्हाची रीत होती. बाईंच्या समोर बसणाऱ्यास कित्येक मिनिटे निश्चल राहावे लागे.

इतका वेळ उसने हसू टिकत नाही. आणलेला आव हळूहळू गळून पडतो, मनुष्य आपल्याच विचारांत बुडतो आणि त्याची खरी मुद्रा प्रकट होते. १८६७ मध्ये बाईंनी थोर ज्योतिर्विद सर जॉन हर्शेल यांचे छायाचित्र घेतले. त्यात दुर्बीण नाही, ग्रंथ नाही, मानचिन्ह नाही. काळोखातून एक वृद्ध चेहरा उजळून पुढे येतो. केस पांढरे व विस्कटलेले. डोळे मात्र दूर कोठे तरी लागल्यासारखे. मेरी हिलियर ही तर त्यांच्या घरची मोलकरीण. पण तिचाही चेहरा त्यांनी तितक्याच आदराने टिपला.

'छायाचित्रे अंधूक आहेत, काचेवर डाग आहेत,' असा दोष त्या काळच्या टीकाकारांनी दिला. डागांविषयीचा आक्षेप खोटा नव्हता. परंतु मृदू रेषांना दोष म्हणणे योग्य नव्हे. वस्त्रे आणि आसन पुसट झाल्यामुळे पाहणाऱ्याची दृष्टी इतरत्र रेंगाळत नाही. ती थेट चेहऱ्याकडे जाते.

आज छायाचित्र क्षणात निघते, ही सोय इष्टच आहे. परंतु समोरच्या माणसाला समजून घेण्याचे काम कोणतेही यंत्र करीत नाही. आजोबांचे छायाचित्र काढावयाचे असेल, तर आधी घटकाभर त्यांच्याजवळ बसावे. कॅमेरा नंतर उचलावा.