टाके घातल्यानंतरचे सहा आठवडे

जपानमध्ये एखाद्या डॉक्टरला दवाखान्याच्या पाटीवर भूलतज्ज्ञ म्हणून नाव लावायचे असेल, तर आरोग्य मंत्रालयाची वेगळी परवानगी घ्यावी लागते. त्याच पाटीवर सौंदर्यशस्त्रक्रिया लिहायची असेल, तर डॉक्टरकीचा परवाना पुरतो. पाटीवर लिहिता येणाऱ्या विभागांच्या यादीत सौंदर्यशस्त्रक्रियेला १९७८ साली जागा मिळाली, आणि त्यासाठी विशेष प्रशिक्षणाची अट आजही नाही. परवान्यानंतरचे दोन वर्षांचे प्राथमिक प्रशिक्षण २००४पासून सक्तीचे आहे. ते संपताच, कोणत्याही शस्त्रक्रिया विभागात उमेदवारी न करता थेट सौंदर्य क्लिनिकमध्ये रुजू होणाऱ्या तरुण डॉक्टरांची संख्या इतकी वाढली की त्यांच्यासाठी ‘चोकुबी’ असा शब्दच तिथे रूढ झाला. २०२४ साली मंत्रालयाने या क्षेत्राचा विचार करण्यासाठी समिती नेमली, तिच्यापुढे हाही प्रश्न होता. टमी टक, म्हणजे पोटाची सैल कातडी कापून स्नायू आवळण्याची शस्त्रक्रिया, जपानमध्ये करून घ्यायचा विचार असलेल्या प्रत्येकाने ही पार्श्वभूमी आधी समजून घ्यावी. ही शस्त्रक्रिया वाईट आहे असे मी म्हणत नाही. ती मोठी आहे, आणि तिचा अर्धा भाग टाके घालून झाल्यावर सुरू होतो. त्या अर्ध्या भागाविषयी जे क्लिनिक मोकळेपणाने बोलत नाही, तिथे अंगाला सुरी लावू देऊ नये.

शस्त्रक्रियेत नेमके काय होते ते पाहिले की ‘मोठी’ का म्हटले ते कळेल. ओटीपोटाच्या तळाशी, एका बाजूच्या कमरेच्या हाडापासून दुसऱ्या बाजूच्या हाडापर्यंत आडवा छेद घेतात. तिथून कातडी आणि चरबीचा थर खालच्या स्नायूंपासून सोडवत बरगड्यांपर्यंत वर उचलतात. बेंबी देठासकट जागेवर ठेवून तिच्या भोवतीने कापतात. गरोदरपणात एकमेकांपासून लांब गेलेले पोटाचे दोन उभे स्नायू मधोमध टाके घालून पुन्हा जवळ आणतात. मग कातडी खाली ओढून जादा भाग कापून टाकतात आणि बेंबीसाठी नवे छिद्र करतात. साधारण दोन ते चार तास लागतात, बहुधा पूर्ण भूल द्यावी लागते. वजन उतरवण्याचा हा मार्ग नव्हे. वजन काही महिने स्थिर झाल्याशिवाय ही शस्त्रक्रिया करू नये, आणि आणखी मूल हवे असेल तर थांबावे, कारण पुढच्या गरोदरपणात आवळलेले सगळे पुन्हा सैल होऊ शकते.

त्यानंतर घरी येणारे दिवस कसे असतात? पहिला आठवडाभर बहुतेकांना कमरेत वाकूनच चालावे लागते, ताठ उभे राहिले की टाक्यांवर ताण येतो. झोपताना पाठ उंच आणि गुडघ्यांखाली उशी. कातडीखाली साचणारे पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या एक-दोन आठवडे राहू शकतात, पोटावरचा घट्ट पट्टा सुमारे सहा आठवडे. दुखत असले तरी पहिल्या दिवसापासून थोडे थोडे चालायचे, कारण पायाच्या शिरेत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे हा या शस्त्रक्रियेतला सर्वांत गंभीर धोका आहे. बैठे काम दोन-तीन आठवड्यांत जमते. चार-पाच किलोपेक्षा जड काही उचलायला सहा आठवडे बंदी. सूज पूर्ण उतरायला तीन ते सहा महिने लागतात, आणि बेंबीखालची बधिरता अनेक महिने टिकते, काहींची कायमची राहते. हे सगळे टोकियोतल्या छोट्या घरात नेऊन पाहावे. जमिनीवरच्या फुतोनवरून उठताना पोटाच्या ज्या स्नायूंचा जोर लागतो, त्यांनाच नुकते टाके घातलेले असतात. महिनाभर तरी उंच पलंगाची सोय हवी. तिथल्या आया पुढे-मागे मुले बसवून सायकलने पाळणाघर गाठतात. दीड-दोन वर्षांचे मूल दहा-बारा किलोचे असते, म्हणजे त्याला आसनावर चढवणेही सहा आठवडे दुसऱ्याचे काम. रोज रात्री टबातल्या कढत पाण्यात बसायची सवय जखम पूर्ण बंद होईपर्यंत सोडावी लागते. टोकियोच्या निशिकासाई भागातल्या मराठी घरात सासू किंवा आई हाताशी नसते आणि नवऱ्याची रजा मोजकी असते. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्याआधी या सहा आठवड्यांचे वेळापत्रक कागदावर मांडावे, आणि ते जुळत नसेल तर तारीख पुढे ढकलावी.

व्रणाबद्दल तर जपानमध्ये विशेष जागरूक असायला हवे. पूर्व आशियाई आणि भारतीय कातडीवर जाड, उंचावलेला व्रण किंवा केलॉइड होण्याचे प्रमाण गोऱ्या कातडीपेक्षा जास्त आहे. टोकियोच्या निप्पॉन मेडिकल स्कूलमधले डॉ. रेई ओगावा यांनी अनेक वर्षांच्या संशोधनातून दाखवले आहे की जखमेच्या कडांवर पडणारा ताण हे असा व्रण वाढण्यामागचे एक मोठे कारण असते. टमी टकचा व्रण तर मुळातच ताणलेल्या कातडीच्या काठावर बसतो. त्यामुळे खोल थरांत टाके कसे घालणार, टाके काढल्यावर टेप किंवा सिलिकॉनची पट्टी किती महिने लावायची, व्रण जाड होऊ लागला तर इंजेक्शन कोण देणार आणि त्याचे पैसे वेगळे का, हे आधीच विचारावे. व्रण वर्षभर, कधी त्याहून जास्त काळ लालसर दिसतो आणि पूर्णपणे कधीच जात नाही. ओनसेनमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांच्या स्नानगृहात, सर्वांसमोर विवस्त्र होऊन स्नान करणाऱ्या समाजात ही गोष्ट लहान नाही. जपानमध्ये पुष्कळ जणी टमी टक टाळून नुसती चरबी ओढून काढायला जातात, त्यात व्रणाची धास्ती हे एक कारण आहे. पण लोंबणारी कातडी आणि लांब गेलेले स्नायू चरबी काढल्याने जागेवर येत नाहीत. उलट कातडी आणखी सैल दिसू शकते. छोटा छेद म्हणजे छोटा धोका, हाही गैरसमज आहे. २००९च्या डिसेंबरमध्ये टोकियोच्या इकेबुकुरो भागात पोटाची चरबी ओढून काढल्यानंतर ७० वर्षांच्या एका महिलेचा मृत्यू झाला, आणि २०११मध्ये शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरला अटक झाली. आतल्या अवयवांना झालेली इजा शस्त्रक्रियेच्या टेबलावर नव्हे, नंतरच्या दिवसांत जिवावर बेतली.

धोक्याचे प्रमाण किती, याचे बऱ्यापैकी उत्तर आपल्यापाशी आहे. अमेरिकेतल्या २५,४७८ टमी टक शस्त्रक्रियांच्या नोंदी तपासून २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गंभीर गुंतागुंत ४ टक्के रुग्णांत आढळली. इतर सौंदर्यशस्त्रक्रियांत ती १.४ टक्के होती. गंभीर म्हणजे पुन्हा रुग्णालयात किंवा शस्त्रक्रियागृहात नेण्याजोगी: रक्त साचणे, जंतुसंसर्ग, गुठळी. एकटी टमी टक केली तर प्रमाण ३.१ टक्के, तिच्या जोडीला चरबी काढणे आणि शरीराच्या इतर भागाची कापाकापी एकाच बैठकीत केली तर १०.४ टक्के. ‘एकाच भुलीत सगळे उरकू, सवलतही देऊ’ असे क्लिनिक सांगते, तेव्हा हे आकडे आठवावेत. सिगारेटचाही विचार इथेच करावा. उचललेल्या कातडीला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या निकोटिनने आकसतात आणि कातडीचा काठ काळा पडून मरू शकतो. जपानमध्ये तंबाखू न जाळता तापवणारी उपकरणे खूप चालतात आणि ती निरुपद्रवी समजली जातात, पण निकोटिन त्यांतही असते. शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर किमान चार आठवडे तीही बंद हवीत.

एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो बहुतेक वेळा बाईच्या तोंडावरच ऐकवला जातो: ही हौस आहे, हौसेला एवढे जपणे कशाला? नॉर्वेतल्या ३०० पहिलटकरणींच्या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ६० टक्के जणींच्या पोटाचे स्नायू लांब गेलेले आढळले आणि वर्षभरानंतरही जवळजवळ ३३ टक्के जणींत ते तसेच होते. म्हणजे हा आळसाचा किंवा खाण्याचा दोष नव्हे, बाळंतपणाचा मोठा परिणाम आहे. जपानमध्ये पाचव्या महिन्यात पोटाला पट्टा बांधायचा विधी आहे, आपल्याकडे बाळंतिणीचे पोट बांधतात. पोटाला आधार लागतो हे दोन्हीकडच्या बायकांनी केव्हाच ओळखले होते. ऑस्ट्रेलियातल्या २१४ महिलांच्या २०१८च्या अभ्यासात टमी टकनंतर कंबरदुखी आणि खोकताना-शिंकताना लघवी सुटण्याचा त्रास लक्षणीय कमी झाला. या अभ्यासात शस्त्रक्रिया न केलेल्या महिलांचा तुलना गट नव्हता, म्हणून तो अखेरचा शब्द मानता येत नाही, आणि स्नायूंची फट लहान असेल तर आधी काही महिने फिजिओथेरपी करून पाहणेच शहाणपणाचे. पण जिची कातडी मांडीपर्यंत लोंबते, तिथे घामाने चट्टे पडतात, तिला ‘व्यायाम कर’ म्हणणे हा उपचार नाही. आणि समजा निव्वळ हौस असली, तरी हौसेने आलेल्या रुग्णाच्याही शिरेत गुठळी तशीच होते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सज्ञान माणूस स्वतःचे पैसे खर्चून निर्णय घेतो, त्यात नियमांनी कशाला पडावे? जपानमध्ये १९६१पासून सर्वांना आरोग्यविमा आहे आणि नोकरदार वयाच्या रुग्णाला खर्चाचा ३० टक्के वाटा द्यावा लागतो. सौंदर्यशस्त्रक्रिया या छत्राबाहेर येते. सगळा खर्च रुग्णाचा, मोठ्या खर्चावर मर्यादा घालणारी योजना लागू नाही, करात वजावट नाही, आजारपणाच्या रजेचा विमाभत्ताही नाही. इतका पैसा एका बाजूने जात असताना मोकळा निर्णय व्हायचा तर पुरेशी माहिती आणि पुरेसा वेळ हवा. त्यातली माहितीची बाजू सुधारली आहे. २०१८च्या जूनपासून क्लिनिकची वेबसाइटही जाहिरात धरली जाते, रुग्णांचे अनुभव छापायला मनाई आहे आणि आधी-नंतरची छायाचित्रे उपचार, खर्च व धोके यांच्या तपशिलाविना दाखवता येत नाहीत. वेळेची बाजू मात्र लंगडीच राहिली. डिसेंबर २०१७पासून ठरावीक सौंदर्योपचारांचा करार आठ दिवसांत रद्द करता येतो, पण तो एक महिन्याहून लांब आणि पन्नास हजार येनहून महाग असावा लागतो. एका दिवसात उरकणारी, कित्येक पट महाग शस्त्रक्रिया त्यात बसत नाही. ‘आज सही केली तर आजचाच दर’ हा आग्रह म्हणूनच चालतो, आणि भेटीच्या दिवशीच उपचार करून घेऊ नका असे ग्राहकांच्या तक्रारी ऐकणारे राष्ट्रीय केंद्र सांगत आले आहे. विचार करायला आठवडा मागणे म्हणजे स्वातंत्र्यावर घाला नव्हे. तो आठवडा हेच त्या स्वातंत्र्याचे साधन आहे, आणि कायद्याने तो एकदिवसीय शस्त्रक्रियेलाही द्यायला हवा.

कायदा येईपर्यंत रुग्णाने स्वतः विचारायचे. डॉक्टर प्लास्टिक सर्जरीचा प्रमाणित तज्ज्ञ आहे का? केवळ ‘जपान सौंदर्यशस्त्रक्रिया संघटनेचा सदस्य’ या ओळीवर विसंबू नये, कारण त्या एकाच जपानी नावाच्या दोन वेगळ्या संघटना आहेत. भूल कोण देणार, आणि तो पूर्ण वेळ फक्त भुलीकडेच पाहणार का? तिसऱ्या रात्री पोट एका बाजूने फुगले किंवा पोटरी दुखून सुजली तर फोन कोण उचलणार, आणि दाखल करायची वेळ आली तर कोणत्या रुग्णालयात? दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च कोणाचा? संमतिपत्र जपानीत असेल तर समजणारी व्यक्ती बरोबर न्यावी. दवाखान्याच्या विक्रेत्याने केलेला तोंडी अनुवाद पुरेसा धरू नये.

राहिला भारतात जाऊन करून घेण्याचा पर्याय. पुण्या-मुंबईत खर्च कमी आणि घरची माणसे जवळ, हे दोन्ही मुद्दे खरे आहेत, आणि वर सांगितलेल्या सहा आठवड्यांचा विचार केला तर दुसरा मुद्दा मोठाच आहे. पण दोन आठवड्यांच्या सुट्टीत हे बसवू नये. नऊ-दहा तासांच्या विमानप्रवासात पाय एकाच जागी राहतात आणि गुठळीचा धोका ताज्या शस्त्रक्रियेनंतर वाढलेलाच असतो. नळ्या निघून, सर्जनने तपासून होकार देईपर्यंत परतीचे तिकीट काढू नये. पाणी पुन्हा साचणे किंवा व्रण जाड होणे हे त्रास परतल्यावरही होऊ शकतात, आणि तेव्हा शस्त्रक्रिया करणारा सर्जन साडेसहा हजार किलोमीटरवर असतो. म्हणून निघण्यापूर्वीच जपानमधल्या एखाद्या रुग्णालयाच्या प्लास्टिक सर्जरी विभागाला विचारून ठेवावे की परदेशात शस्त्रक्रिया झालेला रुग्ण ते पाहतील का, त्याचा खर्च विम्यात बसेल का. येताना शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद, दिलेली औषधे आणि टाक्यांचा प्रकार इंग्रजीत लिहून सही-शिक्क्यानिशी सामानात नव्हे, हातातल्या पिशवीत आणावा.